हवामान बदलामुळे वादळे वाढली आहेत का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वर्षही पूर्ण होत नाही तोच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. अशा प्रत्येक वादळानंतर समाजमाध्यमांवर दोन टोकाचे दावे फिरतात : ‘सगळे हवामान बदलामुळे होते आहे’ किंवा ‘वादळे पूर्वीही यायचीच’. वस्तुस्थिती काय आहे?

अरबी समुद्रात काय बदलले?

चक्रीवादळाला ऊर्जा मिळते ती उबदार समुद्रातून. पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असले की ते तयार होण्यास पोषक स्थिती निर्माण होते. अरबी समुद्र तापत असल्याने इथे वादळांना बळ मिळते आहे. पुण्यातील ‘आयआयटीएम’च्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात मात्र ती ८ टक्क्यांनी घटली.

मग जगभर वादळांची संख्या वाढली आहे का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. बदल दिसतो तो तीव्रतेत. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’च्या २०२१ मधील अहवालानुसार, गेल्या चार दशकांत एकूण चक्रीवादळांमध्ये अतितीव्र वादळांचे प्रमाण वाढले असण्याची शक्यता आहे. पाऊसही वाढतो; कारण तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. समुद्राची पातळी उंचावल्याने वादळी लाटांचे पाणी आणखी आत शिरते.

टोर्नेडोंचे काय?

टोर्नेडो वेगळा. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि काही दिवस टिकते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे १,२०० टोर्नेडोंची नोंद होते. पूर्वी छोटे टोर्नेडो नोंदवलेच जात नसत, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते. एकाच दिवशी अनेक टोर्नेडो येण्याचे प्रमाण वाढलेले दिसते, पण त्याचा हवामान बदलाशी संबंध अजून स्पष्ट झालेला नाही.

थोडक्यात

हवामान बदल वादळाला जन्म देतोच असे नाही. आलेल्या वादळाला तो अधिक घातक बनवू शकतो. म्हणूनच ‘वादळे पूर्वीही यायची’ हे खरे असले, तरी किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी त्या भरवशावर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.