रुडॉल्फ फॉन लायडन : एका निर्वासिताची कलादृष्टी

१९३३ साली जर्मनीत हिटलरची राजवट आली आणि ज्यू वंशाशी नाते असलेल्या असंख्य सुशिक्षित कुटुंबांना मायदेश परका झाला. त्याच वर्षी बर्लिनचा एक पंचवीस वर्षांचा तरुण मुंबईस आला. त्याचे नाव रुडॉल्फ फॉन लायडन (१९०८-१९८३). भूगर्भशास्त्रात त्याने डॉक्टरेट मिळविली होती. परंतु मुंबईत उपजीविकेसाठी कामी आला तो हातातील कुंचला.

लायडन यांनी प्रथम जाहिरातींची चित्रे काढून देणारा स्वतःचा स्टुडिओ थाटला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा वर्ग १९३५ साली सुरू झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या काळी हे क्षेत्र किती नवे होते, याची कल्पना येते. पुढे ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जाहिरात विभागात दाखल झाले. तेथेच त्यांनी कलासमीक्षाही लिहिली आणि ‘डेन्ली’ या नावाने राजकीय व्यंगचित्रे काढली. हे टोपणनाव म्हणजे ‘लायडन’च्या रोमन अक्षरांतील दोन अर्धांची केवळ अदलाबदल!

व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासह लायडन यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना आधार दिला. घरकाम करून पोट भरणाऱ्या कृष्णाजी हौळाजी आरा यांचे गुण त्यांनी हेरले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत आरा, सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे होते. या नवकलेची बाजू लायडन यांनी लेखणीने मांडली.

परंतु आपल्या भागाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे कार्य निराळेच आहे. आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. त्याच आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. तेथील चिताऱ्यांची हाताने रंगविलेली, लाखेचा लेप दिलेली गोल पाने म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. मोगल गंजिफेत ९६. इंग्रजी छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला विझत चालली. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतरच्या दशकात तिला पुनरुज्जीवन दिले. त्याच काळात लायडन देशभरच्या गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास करीत होते. म्हैसूरच्या पत्त्यांवरील त्यांची पुस्तिका १९७३ मध्ये आली; १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांचा भारतीय गंजिफांवरील ग्रंथ काढला.

जाहिरात, व्यंगचित्र आणि खेळायचा पत्ता या तिन्ही वस्तू वापरून टाकून द्यायच्या. शिष्टांच्या कलाविचारात त्यांना स्थान नव्हते. मात्र ज्याने स्वतः जाहिरातीसाठी रेघा ओढल्या, त्याला अनाम चिताऱ्याच्या रेषेतील कसब सहज ओळखता आले. एका देशाने बाहेर लोटलेल्या या माणसाने दुसऱ्या देशात अडगळीत पडलेल्या वस्तूंना मान मिळवून दिला.

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने यातून एक बोध घ्यावा. ग्रंथ आपण जपतोच. परंतु जुन्या नियतकालिकांतील जाहिराती, व्यंगचित्रे, नाटकांची हस्तपत्रके, निपाणीच्या विड्यांच्या बंडलांवरील लेबले यांचे काय? सभासदांच्या माळ्यावर असे कागद अजूनही असतील. ते रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात यावेत, ही विनंती.