वाटेवर निघालेली नायिका

महाभारताच्या वनपर्वात विदर्भाची राजकन्या दमयंती अरण्यात जागी होते, तेव्हा तिच्या अंगावर अर्धेच वस्त्र असते. उरलेले अर्धे कापून घेऊन नल निघून गेलेला असतो. पुढची कथा आपल्याकडे कीर्तनांतून आणि आख्यानांतून पिढ्यान् पिढ्या ऐकली गेली. पण तिच्यातील एका गोष्टीकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. ती गोष्ट म्हणजे दमयंती चालू लागते. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर ती वाट काढते, रानटी हत्ती तो तांडा तुडवतात, तरीही ती चेदिनगरीस पोचते. तेथे राजमाता आश्रय देऊ करते, तेव्हा ही निराधार स्त्री आपल्या अटी सांगते: उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. स्वयंवरमंडपात नलाला ओळखणारी दमयंती चतुर होती खरी. पण स्वतःच्या अटी सांगणारी दमयंती वाटेनेच घडविली, असे आम्हास वाटते.

दुखावलेले मन, लांबचा रस्ता आणि त्या रस्त्यावर स्वतःची पटलेली ओळख ही कथा इतकी जुनी आहे. गेल्या शतकात ती बोलपटाच्या पडद्यावर आली व तेथे तिचा एक स्वतंत्र प्रकारच बनला. त्याचा इतिहास पाहताना आम्ही एकच प्रश्न जवळ ठेवणार आहोत: या प्रवासाचे भाडे कोण भरतो, आणि शेवटी निर्णय कोणाचा ठरतो?

या प्रकाराचा पाया बहुतांशी १९३४ साली घातला गेला. फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा बोलपट त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रदर्शित झाला. सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या ‘नाइट बस’ या कथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनी त्याची पटकथा रचली होती. कोट्यधीशाची कन्या एली वडिलांना न जुमानता लग्न करते. वडील तिला नौकेवर अडकवून ठेवतात, तेव्हा ती समुद्रात उडी टाकते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसते. तेथे तिला पीटर नावाचा, नोकरीवरून काढलेला वार्ताहर भेटतो. क्लॉडेट कोल्बेर व क्लार्क गेबल यांनी या भूमिका केल्या. उत्तम चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री व पटकथा हे पाचही मुख्य ऑस्कर एकाच बोलपटाला मिळण्याचा तो पहिला प्रसंग होता.

ते दिवस महामंदीचे होते, हे विसरता येत नाही. बसमध्ये एक बाई उपासमारीने मूर्च्छित होते, तिचा मुलगा रडू लागतो, आणि एली पीटरच्या हातातली नोट घेऊन त्या मुलाला देऊन टाकते. ज्या मुलीला पैशाची किंमत कधी कळली नव्हती, तिला ती शेजारच्या बाकावर कळते. बसची हीच थोरवी! आगगाडीला वर्ग असतात, मोटारीला मालक असतो, पण बसमध्ये कोट्यधीशाची कन्या आणि भुकेला मुलगा एकाच धक्क्याने हादरतात. रात्री एका खोलीत राहण्याचा प्रसंग येतो, तेव्हा पीटर मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. दोघांतले अंतर ती घोंगडी राखते, आणि ती पडण्याची वाट प्रेक्षक शेवटपर्यंत पाहत राहतो.

मुलीचा ठाव सांगणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर झालेले असते. पीटर ते नाकारतो आणि मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट, म्हणजे वाटेतल्या प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब. प्रेमाचे प्रमाणपत्र म्हणून इतका सुंदर हिशोब चित्रपटांत दुसरा आमच्या आठवणीत नाही. तरीही शेवट बारकाईने पाहावा. विवाहवेदीकडे जाताना वडीलच मुलीच्या कानात सांगतात की, मागच्या दाराशी गाडी उभी आहे. मुलगी पळते हे खरे, पण पळण्याची परवानगी वडिलांनी दिलेली असते.

बावीस वर्षांनी ही कथा भारतात उतरली. मद्रासच्या एव्हीएम या संस्थेने अनंत ठाकूर यांच्या दिग्दर्शनाखाली १९५६ साली ‘चोरी चोरी’ काढला. राज कपूर व नर्गिस यांची नायक-नायिका म्हणून ही शेवटची जोडी. संपत्तीवर डोळा ठेवणारा वर प्राण यांनी रंगविला, वाटेत भेटणाऱ्या मंडळीत आपले मराठी भगवानदादा होते, आणि शंकर-जयकिशन यांच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कथेचा सांगाडा काप्रांचाच होता, पण भारतीय मातीत येताना तिच्यात एक अर्थपूर्ण भर पडली. नायक-नायिका स्वतःच कळसूत्री बाहुल्या होऊन नाचतात, असे एक गाणे त्यात आहे. घरच्या दोऱ्या तोडून आलेली मुलगी रंजनासाठी पुन्हा दोऱ्यांत बांधली जाते. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. येथेही वडील शेवटी मनाने मुलीच्याच बाजूला येतात, आणि त्यांच्याशिवाय गाठ सुटत नाही.

ते वर्ष आपल्या सामाजिक इतिहासातही महत्त्वाचे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट मोकळी केली होती आणि १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत हक्क दिला. कायदा पुढे गेला होता, घरे मागून येत होती. अशा संधिकाळात पळून गेलेल्या मुलीची कथा प्रेक्षकांना गोड वाटली, कारण ती शेवटी वडिलांच्या आशीर्वादानेच संपत होती. १९५७ साली विजय आनंद यांनी आपल्या पहिल्याच चित्रपटात, ‘नौ दो ग्यारह’मध्ये, एक पाऊल पुढे टाकले. तेथील रक्षा हुंड्याच्या मागणीमुळे लग्नातून निघते आणि शीख मुलाच्या वेषात देव आनंद यांच्या दिल्ली-मुंबई मालमोटारीत चढते. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९६१ साली आला. पण एकटीने रस्त्यावर यायचे तर मुलीला अजूनही मुलाचा वेष घ्यावा लागत होता, हेही नमूद केले पाहिजे.

यानंतर मधली वर्षे ओलांडून आपण २००७ सालच्या ‘जब वी मेट’कडे येऊ. १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’मध्ये काप्रांची कथा पुन्हा एकदा सांगून झाली होती. इम्तियाज अली यांनी मात्र पात्रांची जागाच बदलली. येथे मोडलेले मन घेऊन मुंबईच्या गाडीत बसतो तो तरुण उद्योगपती, आणि त्याला उभे करते ती बोलघेवडी गीत. माळव्यातल्या आमच्या वाचकांना ओळखीच्या असलेल्या रतलाम स्थानकावर तिची गाडी सुटते, आणि स्थानकप्रमुख तिला एकट्या मुलीवर येणाऱ्या संकटांविषयी उपदेश ऐकवतो. दमयंतीच्या काळापासून हा उपदेश बदललेला नाही! उत्तरार्धात गीतचेच मन मोडते. मनालीत प्रियकर तिला नाकारतो, आणि ती सिमल्यात शिक्षिका होऊन मूकपणे दिवस काढते. तेव्हा तिनेच दिलेला धीर तो तरुण तिला परत करतो. ही भूमिका करणारी करीना कपूर राज कपूर यांची नात, हा पन्नास वर्षांचा धागाही मनोरंजक आहे. येथे वडिलांची परवानगी मागे पडली, पण मन सावरण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज उरलीच.

ती गरजही २०१४ च्या ‘क्वीन’मध्ये गळून पडली. विकास बहल यांच्या या चित्रपटातील राणी दिल्लीच्या मिठाईवाल्याची मुलगी आहे. लग्नाच्या तोंडावर वर तिला नाकारतो, आणि ती मधुचंद्रासाठी आधीच ठरलेल्या प्रवासाला एकटीच निघते. पॅरिस, मग ॲम्स्टरडॅम. परकी भाषा, परके मित्र, एकाच खोलीत राहणारे तीन अनोळखी तरुण. आणि १९३४ ची घोंगडी येथे लागत नाही, कारण तिचे काम विश्वास करतो. घरी शिकलेली पाककला परदेशी तिच्या उपयोगी पडते. परत आल्यावर ती त्या वराच्या घरी जाते, त्याची अंगठी त्याच्या हाती ठेवते आणि आभार मानून निघून येते. नवा नायक तिची वाट पाहत दाराशी उभा नसतो. कंगना रनौट यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्हास मात्र त्या आभारांचे मोल अधिक वाटते, कारण त्यांत राग नाही आणि याचनाही नाही.

त्याच वर्षी होमी अदजानिया यांच्या ‘फाइंडिंग फॅनी’ने ही वाट गोव्यात आणली. पोकोली या काल्पनिक गावातील वृद्ध फर्डीला सेहेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले आपले प्रेमपत्र न पोचताच परत मिळते. तो स्वतः टपाल खात्यात काम केलेला माणूस! नसीरुद्दीन शाह यांचा हा फर्डी शेजाऱ्यांसह जुन्या मोटारीतून फॅनीच्या शोधात निघतो. फॅनी त्याला जिवंत भेटत नाही. भेटते ती सोबतीची माणसे, ज्यांच्या शेजारी तो इतकी वर्षे राहिला होता. वाट तरुणांनाच शहाणे करते असे नाही, हे या छोट्या कथेने सांगितले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या साऱ्या नायिकांच्या मागे सुस्थितीतले घर होते, हे खरे. रुसून निघण्यासाठीही तिकिटाचे पैसे लागतात, आणि परत येण्यासाठी उघडे दार लागते. राणीला ते दोन्ही होते. आपल्या घराघरांतील कितीतरी राण्यांचे लग्न मोडले, तेव्हा त्यांना आतल्या खोलीत बसविले गेले, आणि ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने त्यांचा सारा प्रवास उंबऱ्यापाशीच संपला. चित्रपटाने ऐंशी वर्षांत वडिलांच्या परवानगीपासून मुलीच्या निर्णयापर्यंत मजल मारली, पण घरांची मजल अजून पुरी व्हायची आहे.

म्हणून असा चित्रपट पाहून परतताना प्रेक्षकाने नायिकेचे कौतुक करून थांबू नये. आपल्या घरातल्या मुलीच्या हाती तिकिटापुरते पैसे आहेत काय, आणि ती परतेल तेव्हा दार उघडताना आपण तिला पहिला प्रश्न कोणता विचारू, याचा विचार त्याने करावा. दमयंतीला चेदीच्या राजमातेने आधी आश्रय दिला. ती आपल्याच बहिणीची मुलगी आहे, हे तिला नंतर कळले.