सव्वापाच इंची खण

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या ऑफिसात अजूनही एखादा पंधरा-वीस वर्षांचा कॉम्प्युटर भेटतो. त्याच्या कॅबिनेटलाच सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, आणि त्यातून निघालेली केबल थेट शॉपफ्लोअरवरच्या सीएनसी मशीनला. प्रोग्रॅम त्याच वाटेनं मशीनमध्ये उतरतात. नवा कॉम्प्युटर आणला तर तो पोर्ट बहुधा नसतो, जुनं सॉफ्टवेअर चालत नाही, आणि मशीन तर अजून ठणठणीत असतं. म्हणून कॉम्प्युटर तोच राहतो. डिस्क मात्र भरत येते. मग एक दिवस बाजूचा पत्रा उघडून आत आणखी एक डिस्क बसवली जाते, आणि ती बसते. एवढ्या जुन्या पत्र्याच्या चौकटीत आजची साडेतीन इंची डिस्क बसते, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या बसण्याची ही कुळकथा.

वाड्याच्या भाषेत दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. कुटुंब वाढलं की घराला दोन खण वाढवत. कॅबिनेटमधल्या डिस्कच्या जागेलाही याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष कुठल्या खणात मावणारा नव्हता. 1956 मध्ये आयबीएमनं ‘रॅमॅक’ या यंत्रासोबत पहिलं डिस्क-कपाट आणलं. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, टनाच्या घरात वजन, आणि साठवण सुमारे 50 लाख अक्षरांची. त्याला खोली लागायची.

खण आला तो फ्लॉपीमुळे. अॅलन शुगार्ट हे आयबीएममध्ये घडलेले इंजिनिअर. त्यांनी 1973 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, पण पुढच्याच वर्षी ते तिच्यातून बाहेर पडले. त्या कंपनीनं 1976 मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आणला. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी आपल्या चौकटी त्याच्या मापानं कापायला सुरुवात केली. शुगार्टनी 1979 मध्ये दुसरी कंपनी उभी केली, तीच पुढे सीगेट झाली. तिची पहिली हार्डडिस्क 1980 ची, एसटी-506. तिची साठवण 5 एमबी, म्हणजे पुन्हा 50 लाख अक्षरांच्याच आसपास. कपाटातला ऐवज चोवीस वर्षांत हातात मावू लागला होता. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे शुगार्टनी तिला नवं माप दिलं नाही. फ्लॉपीचा जो सव्वापाच इंची खण तयार होता, त्यातच ती बसेल अशी केली.

याचा उपयोग लगेच दिसला. 1981 च्या आयबीएम पीसीत असे दोन खण होते, दोन्ही फ्लॉपीसाठी. 1983 च्या एक्सटी मॉडेलमध्ये त्यातल्या एका खणात 10 एमबीची हार्डडिस्क आली. चौकट तशीच राहिली, वीजपुरवठा मात्र वाढवावा लागला: 63.5 वॉटवरून 130 वॉट. जागा आहे म्हणून डिस्क चालेलच असं नाही, हा धडा तेव्हापासूनचा. आजही साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टच्या तारेतून क्षणभर दोनेक अँपिअर ओढते. जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, तिसरी-चौथी डिस्क चढवण्याआधी हे गणित करायला हवं.

1983 मध्येच स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीनं साडेतीन इंची हार्डडिस्क काढली. पुढे लॅपटॉपसाठी अडीच इंची आली. सव्वापाच, साडेतीन, अडीच ही मापं मराठी तोंडात सहज बसतात, पण ती शब्दशः घेऊ नयेत. साडेतीन इंची डिस्कची रुंदी कॅलिपरनं मोजली तर 101.6 मिलिमीटर भरते, म्हणजे बरोबर 4 इंच. सव्वापाच इंची ड्राइव्ह भरतो 146 मिलिमीटर. पहिले दोन आकडे आत जाणाऱ्या फ्लॉपीचे होते, बाहेरच्या डब्याला तेच नाव चिकटलं.

स्क्रूची गोष्ट तर भोसरीच्या माणसाला जास्त कळेल. साडेतीन इंची हार्डडिस्कला अमेरिकी 6-32 चे आटे असतात, इंचाला 32. सीडी ड्राइव्ह आणि अडीच इंची डिस्कला आपला नेहमीचा एम-3, अर्ध्या मिलिमीटर पिचचा. एम-3 स्क्रू 6-32 च्या भोकात डुलतो. 6-32 चा स्क्रू एम-3 मध्ये जोर लावून घातला तर आटे जातात. जुन्या कॅबिनेटमधल्या कितीतरी डिस्क दोनच स्क्रूवर लटकलेल्या असतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

पुढचा प्रश्न तारांचा होता. एसटी-506 ला दोन केबल लागत, आणि तिला चालवणारं सर्किट वेगळ्या कार्डवर असे. 1986 च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी ते सर्किट डिस्कवरच नेलं. हीच आयडीई. 40 पिनांची एक रुंद पट्टी, तिच्यावर दोन डिस्क. कुठली पहिली आणि कुठली दुसरी, हे मागच्या इवल्याशा जंपरनं सांगायचं. बाजारात त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. मालक-गुलामाची ही नावं खटकणारी होती आणि चुकीचीही, कारण एक डिस्क दुसरीवर हुकूम चालवत नसे. मानकाच्या कागदांत ती साधी ‘डिव्हाइस 0’ आणि ‘डिव्हाइस 1’ आहेत.

आयडीईची खरी मर्यादा पत्त्याची होती. 28 बिटांच्या पत्त्यात 26,84,35,456 घरं मावतात. प्रत्येक घरात 512 बाइट, म्हणजे 137 जीबी. डिस्कवरची त्यापुढची जागा जुन्या बोर्डाला दिसतच नाही. पुढे पत्ता 48 बिटांचा झाला. 2003 पासून साटा ही नवी जोडणी आली आणि एका डिस्कला एक बारीक सात तारांची केबल असा हिशोब झाला. जंपर गेले. ज्या बोर्डावर साटा नाही, तिथे पीसीआय कार्ड लावून ती आणता येते.

एवढी खटपट इथे का करायची, याचं उत्तर चाकणच्या रस्त्यावर आहे. बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा यांचे कारखाने तिथे आहेत, आणि वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत आयएटीएफ 16949 हे गुणवत्ता मानक चालतं. त्यानुसार पार्टच्या मंजुरीची, टूलिंगची आणि डिझाइनची कागदपत्रं त्या पार्टचं उत्पादन आणि सर्व्हिस चालू असेपर्यंत जपायची, आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष. गाडीचं मॉडेल बंद झालं तरी तिचे स्पेअर पुढे कित्येक वर्षं लागतात. म्हणजे ब्रॅकेटचं एक ड्रॉइंग कॉम्प्युटरच्या आयुष्याहून जास्त जगणार. त्याला जागा हवीच, आणि एक डिस्क बंद पडली तर डेटा जाऊ नये म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, तिसरी ऑफिसाबाहेर हवी.

ड्रॉइंगबरहुकूम भोकं पाडणाऱ्या भोसरी-चाकणच्या या पट्ट्याला डिस्कच्या खणाचं मोल वेगळं सांगायला नको. एकानं बनवलेला पार्ट दुसऱ्याच्या चेसिसवर न घासता बसतो, कारण भोकांमधलं अंतर दोघांनी मान्य केलेलं असतं. शुगार्टनी 1980 मध्ये तेच केलं. दुसऱ्यानं आखलेलं माप त्यांनी मानलं, आणि ते मान्य करण्याची रीत पुढच्या कारखान्यांनी मोडली नाही.

आता नव्या कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची खण बहुधा नसतो. अडीच इंची एसएसडी ब्रॅकेटवर बसते, किंवा स्टोरेज बोर्डावरच पट्टीसारखं आडवं झोपतं. पण जास्त साठवणीची फिरती डिस्क अजून 101.6 मिलिमीटरचीच येते, 6-32 च्या आट्यांसह. म्हणून जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे डिस्कचे स्क्रू काढून घ्यावेत आणि डबीवर माप लिहून ठेवावं. पुढची डिस्क आणाल, तेव्हा ते उपयोगी पडतील.