पोपटाचा ताप

घरातल्या मुलाने हट्ट धरला की आपल्याकडे एखाद्या रविवारी बाजारातून निळ्या-हिरव्या पक्ष्यांची जोडी आणली जाते. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणतो आणि आपणही तेच म्हणू लागतो. खरे म्हणजे बहुतेक वेळा ते असतात बजरिगर, मूळचे ऑस्ट्रेलियातले. आपला देशी पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे राघूची रिकामी झालेली जागा या पाहुण्यांनी घेतली. आज ज्या आजाराची हकीकत सांगणार आहे, तिच्यात या बजरिगराचे काम मोठे आहे. पण तो दुसऱ्या अंकात येतो. पहिला अंक पोपटाचा.

साल १९२९. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिस नावाचे गाव आहे. तिथल्या एका गृहस्थाने नाताळची भेट म्हणून पत्नीसाठी बाल्टिमोरच्या दुकानातून एक पोपट विकत घेतला आणि भेट गुपित राहावी म्हणून तो लेक-जावयाकडे ठेवायला दिला. नाताळ जवळ आला तसा पोपट पिसे फुलवून मलूल बसू लागला आणि नाताळातच मेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्नी, लेक आणि जावई अशा तिघांनीही अंथरूण धरले. ताप, असह्य डोकेदुखी, खोकला. न्यूमोनिया म्हणावा तर लक्षणे नीट जुळेनात, विषमज्वर म्हणावा तर तेही पटेना. डॉक्टरांनी घरी हा विषय काढला, तेव्हा त्यांच्या पत्नीला आठवले की ब्वेनोस आयरेसमधली एक नाटक मंडळी रंगमंचावरच्या पोपटामुळे आजारी पडल्याची हकीकत तिने नुकतीच रविवारच्या वृत्तपत्राच्या पुरवणीत वाचली होती. (रविवारच्या पुरवण्या नुसत्या रद्दीत जातात म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) डॉक्टरांनी वॉशिंग्टनला तार केली. इकडे बाल्टिमोरच्या त्या दुकानातली माणसेही आजारी पडलेली होतीच.

आजार तसा अगदीच नवा नव्हता. १८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर या डॉक्टरने एकाच घरातले सात रुग्ण पाहिले होते. त्यातले तीन दगावले. घरात परदेशातून आणलेले पोपट व इतर छोटे पक्षी होते, आणि रोगाचे मूळ त्या पिंजऱ्यांत आहे हे रिटरने अचूक ताडले. १८९२ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतून पॅरिसला पाचशे पोपट आणले, आणि त्यामागोमाग तिथे साथ आली. नोकार या नामवंत संशोधकाने मेलेल्या पोपटांच्या पंखांतून एक जिवाणू वेगळा काढला आणि हाच गुन्हेगार, असे जाहीर केले. गुन्हेगार भलताच होता. पण नाव मोठे असल्याने पुढची जवळजवळ चाळीस वर्षे सगळे त्याच जिवाणूला शोधत राहिले आणि तो सापडला नाही की ‘हा पोपटाचा ताप नव्हे’ म्हणून मोकळे होत गेले.

१९२९ ची साथ अर्जेंटिनातून निघाली. तिथल्या कोर्दोबा शहरात विकल्या गेलेल्या पोपटांपाठोपाठ आजार पसरला आणि जहाजांवरून युरोप-अमेरिकेच्या दुकानांत पोचला. रोगी पोपट लगेच मरता तर ही गोष्ट तिथेच आटपली असती. पण पक्षी आजार लपवतो. रानात दुबळा दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणतो. विष्ठेतून आणि नाकातल्या स्रावातून जंतू बाहेर पडतात, विष्ठा वाळते, तिची धूळ पंखांच्या फडफडीने हवेत मिसळते आणि पिंजरा झाडणाऱ्याच्या छातीत जाते. पोपट चावायलाच हवा असे अजिबात नाही.

वर्तमानपत्रांनी मग रान उठवले. लोकांनी लाडके पोपट रस्त्यावर सोडून दिले. एका शहराच्या आरोग्याधिकाऱ्याने पोपटांच्या माना मुरगळा असा सल्ला दिला. नौदलाच्या एका अ‍ॅडमिरलने खलाशांना त्यांचे पोपट समुद्रात टाकायला लावले. २४ जानेवारी १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीला बंदी घातली. इंग्लंडनेही त्याच वर्षी बंदी केली.

हे चालू असताना वॉशिंग्टनच्या सरकारी ‘हायजिनिक लॅबोरेटरी’च्या तळघरात चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन आजारी पोपटांवर प्रयोग करत होते. जंतुनाशकात भिजवलेले पडदे, हातमोजे, सगळी खबरदारी होती. फेब्रुवारीत अँडरसन गेले. आर्मस्ट्राँगही तापाने फणफणले. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव टोचल्यावर ते वाचले. बाल्टिमोरचे जंतुशास्त्रज्ञ डॉ. विल्यम स्टोक्स हेही याच कामात दगावले. प्रयोगशाळेत एकूण अकरा जणांना लागण झाली, त्यात ज्यांनी त्या तळघरात पाऊलही ठेवले नव्हते असेही होते. शेवटी प्रमुख जॉर्ज मॅकॉय यांनी मार्चमध्ये स्वतः तळघरात उतरून सगळे पक्षी-प्राणी मारले आणि इमारत विषारी धुराने धुपवून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात या प्रयोगशाळेला नवे नाव मिळाले, ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ’. आज जगभर दबदबा असलेली संस्था ती हीच. अमेरिकेत त्या साथीत १६९ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले.

लंडनमध्ये बेडसन आणि सहकाऱ्यांनी १९३० मध्येच दाखवून दिले की खरा जंतू इतका बारीक आहे की तो जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतो. त्यामुळे त्याला बराच काळ विषाणू समजले गेले. आज आपण त्याला क्लॅमिडिया सिटासी म्हणतो आणि तो जिवाणूच आहे, फक्त दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू न शकणारा. नोकार चुकीच्या गुन्हेगाराला धरून बसले तरी गुन्हेगाराची जात बरोबर होती, असे गमतीने म्हणता येईल.

बंदी आली, साथ ओसरली. सगळ्यांना वाटले, रोग बाहेरून आला होता, दार लावले, संपले.

आता दुसरा अंक. १९३१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली गावात एका घरी कॉफीसाठी जमलेल्या बायकांपैकी तिघी आजारी पडून वारल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या हूपर फाउंडेशनमधले कार्ल मायर या स्वित्झर्लंडहून आलेल्या पशुवैद्य-संशोधकाच्या कानावर ही बातमी गेली. त्यांचा पहिला प्रश्न होता, घरात पोपट होता का? पोपट नव्हता, बजरिगर होता. त्या घरातला पक्षी दिसायला ठणठणीत. मायर यांनी तो निरोगी जावा चिमण्यांच्या सोबत ठेवला. काही आठवड्यांत चिमणी मेली. बजरिगर शीळ घालतच होता.

हा पक्षी आला कुठून? अर्जेंटिनाहून नव्हे, थेट लॉस एंजलिसच्या परसांतून. मंदीचे दिवस होते. नोकऱ्या गेलेल्या माणसांनी घरामागे जाळ्या ठोकून बजरिगरांची पैदास सुरू केली होती. फेरीवाले ती पिल्ले दारोदार विकत. आता ही पैदासच बंद करा म्हणणे सोपे होते, पण त्या घरांची चूल त्यावर होती. मायर यांनी वेगळा मार्ग काढला. पैदासकारांनी आपल्या थव्यातले काही पक्षी नमुन्यादाखल पाठवायचे, ते मारून तपासायचे आणि निर्दोष ठरलेल्या पक्षिगृहाला प्रमाणपत्र द्यायचे. काही वर्षांत जवळजवळ तीस हजार पक्षी तपासले गेले. त्यातून कळले की पिल्लाला घरट्यातच आईबापांकडून लागण होते. बरेचसे जगतात आणि मग महिनोन् महिने गुपचूप जंतू वाहतात. दुकानात सर्वात जास्त मागणी मात्र अशा कोवळ्या पिल्लांनाच असते, कारण ती लवकर माणसाळतात.

पुढचा दुवा ऑस्ट्रेलियात जुळला. मायर यांना तिथून आणलेल्या बजरिगरांत जंतू सापडला, तेव्हा मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट (यांना पुढे १९६० मध्ये नोबेल मिळाले) यांनी रानातले पोपट आणि काकाकुवे तपासले. रोग तिथे रानात आधीपासूनच होता. पण रानातले पक्षी त्याने पटापट मरत नव्हते. जंतू आणि पक्षी यांची जुनी तडजोड झालेली होती. तोच पक्षी जाळ्यात धरला, गर्दीच्या खोक्यात कोंबला, उन्हाला आणि उडण्याला पारखा केला, उपाशी-तहानलेला घाणीत ठेवला, की ती तडजोड मोडते आणि दबलेला रोग उसळतो. मला या साऱ्या इतिहासात बर्नेट यांची ही समज सगळ्यात मोलाची वाटते. बंदरावरचा अधिकारी पोपट अडवू शकतो. पण साथ उठवणारे खोके तर बंदराच्या अलीकडेही होते, दुकानात होते, परसातही होते.

उपचाराची गोष्ट पुढे आली आणि तिला एक भारतीय कडी आहे. अमेरिकेच्या लेडर्ले कंपनीत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या विभागात काम करणाऱ्या बेंजामिन डगर या निवृत्तीनंतर रुजू झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन मिळवले. १९४८ मध्ये ते जगापुढे आले आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. टेट्रासायक्लीन घराण्यातले हे पहिले औषध पोपटाच्या तापावर उत्तम चालले. मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते माणसांपुरते न ठेवता पक्ष्यांच्या राळ्यात मुरवले. औषधी दाणे सलग ४५ दिवस खायला द्यायचे, असा दंडक बसला. इतके दिवस का, तर पेशीत निजलेला जंतू जागा होऊन वाढू लागला तरच औषध त्याला गाठते. त्यात आणखी एक खोच आहे. पक्ष्यांना चोच घासायला पिंजऱ्यात समुद्रफेस टांगतात. त्यातले कॅल्शियम औषधाला पोटातच बांधून टाकते, म्हणून तेवढे दिवस तो काढून ठेवायचा. अशा बारीकसारीक गोष्टींवरच उपचार तरतो किंवा बुडतो.

दुकानातल्या पक्ष्यांनी पुढेही धडे दिलेच. १९७१ मध्ये आयात केलेल्या शोभेच्या पक्ष्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोंबड्यांत न्यूकॅसल रोग शिरला. आपले पोल्ट्रीवाले ज्याला मानमोडी किंवा राणीखेत म्हणतात तोच. सुमारे एक कोटी वीस लाख कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा कुठे आयात पक्ष्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याची सक्ती झाली. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये अशाच विलगीकरणातल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला, आणि युरोपीय संघाने रानपक्ष्यांची आयात थांबवली. २००७ पासून ती बंदी कायमची झाली. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात खड्डे खणून कोंबड्या पुरताना आपण पाहिल्या आहेत, तेव्हा वेळेवर वेगळे न ठेवण्याची किंमत काय असते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

पोपटाचा ताप आज वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो. तरीही २०२४ च्या सुरुवातीला युरोपातल्या पाच देशांत रुग्ण वाढले आणि पाच जण दगावले. तेव्हा घरी पक्षी आणणाऱ्यांनी घाबरू नये, पण काही सवयी लावून घ्याव्यात. नवी जोडी जुन्या पक्ष्यांत लगेच सोडू नये; किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावी आणि तिचे दाणापाणी शेवटी करावे. मलूल पक्षी ‘बघू दोन दिवस’ म्हणून थांबवू नये, कारण तो दिसायला आजारी झाला म्हणजे बराच आधीपासून आजारी असतो. पिंजरा कोरडा झाडू नये. तळाशी घातलेला कागद आधी पाणी शिंपडून ओला करावा आणि मगच घडी घालून काढावा. आणि घरात कुणाला खोकल्यासह ताप आलाच, तर आपल्याकडे पक्षी आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.