परिसंस्था (खानदेशातील)

परिसंस्था : एखाद्या ठिकाणचे सजीव, तेथील माती, पाणी, हवा, ऊन यांसारखे अजैविक घटक आणि त्या सर्वांमध्ये सतत चालणारी देवाणघेवाण मिळून बनणारी व्यवस्था. ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी 1935 मध्ये मांडली. उत्पादक, भक्षक, विघटक ही नावे शाळेत पाठ होतात. मात्र त्यांच्यातला दुवा केव्हा जुळतो आणि केव्हा तुटतो, हे तळ्याच्या ठरावीक आकृतीवरून कळत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत ते सातपुड्याच्या रानात आणि कपाशीच्या वावरात स्पष्ट दिसते.

पानझडी वन : तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारांवर शुष्क पानझडी वन आहे. 1969 मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य त्याचाच भाग. साग, अंजन, सालई, धावडा, पळस, तेंदू हे येथील मुख्य उत्पादक. पाऊस जेमतेम चार महिने आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे पाणी हा येथील मर्यादाकारक घटक ठरतो. बाकी सारे मुबलक असूनही ज्याच्या तुटवड्याने वाढ अडते तो मर्यादाकारक घटक. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून ही झाडे बाष्पोत्सर्जनाने होणारी पाण्याची घट आवरतात. गळलेला पाला वाळवी, बुरशी व जिवाणू कुजवतात आणि त्यातील पोषकद्रव्ये मातीत परततात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून पाचोळा पेटवला, की हे चक्र मध्येच तुटते : नायट्रोजनचा बराच भाग धुरावाटे हवेत जातो आणि उरलेली राख पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते.

पोषकद्रव्ये फिरून येतात, ऊर्जा येत नाही. ती एकाच दिशेने वाहते. रेमंड लिंडमन यांच्या 1942 मधील मांडणीवरून रूढ झालेल्या नियमानुसार एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीला साधारण 10 टक्के ऊर्जा मिळते. (निसर्गात हे प्रमाण बरेच कमी-जास्त होते, उदाहरण सोडवताना मात्र 10 टक्केच धरतात.) गवतात 10,000 एकके ऊर्जा असेल तर नाकतोड्यांपर्यंत 1,000, सरड्यांपर्यंत 100 आणि सरडे खाणाऱ्या पक्ष्यापर्यंत 10 एकके पोहोचतात. म्हणूनच शिकारी पक्षी थोडे असतात आणि त्यांना रान मोठे लागते.

रानपिंगळा : असा एक पक्षी खानदेशात पुन्हा सापडला आणि त्याची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. 1873 मध्ये ॲलन ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना मुळात संग्रहालयातून चोरलेला निघाला. ही खोटी नोंद बाजूला सारून पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या, अस्सल नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना व सहकाऱ्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला.

अधिवास म्हणजे जीव राहतो ते ठिकाण. पण तो काय खातो, केव्हा शिकार करतो, कोठे अंडी घालतो, यावरून परिसंस्थेतील त्याचे स्थान ठरते. गावाजवळच्या झाडांवर सर्रास आढळणारा साधा पिंगळा बहुधा संध्याकाळनंतर शिकारीला निघतो. रानपिंगळा दिवसाउजेडी सरडे, उंदीर, कीटक टिपतो. घरटे तो झाडाच्या ढोलीत करतो आणि ढोल्या जुन्या, जाड खोडांतच असतात. जुनी झाडे तोडून त्यांच्या दुप्पट रोपे लावली तरी रानपिंगळ्याच्या हिशेबी रान उजाडच राहते. त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.

कपाशीचे वावर : शेत हीसुद्धा परिसंस्था, फक्त मानवनिर्मित. थेट कपाशीवर जगणारी गुलाबी बोंडअळी ही येथील प्राथमिक भक्षक. झाडातच अळीनाशक विष तयार करणारे बोलगार्ड-2 प्रकारचे बीटी बियाणे 2006 मध्ये आले तेव्हा या अळीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. पण ज्या थोड्या अळ्या बीटीचे विष पचवू शकल्या त्यांचीच पुढे वीण वाढली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर कपाशीची दाणादाण उडाली. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे तेथील पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षमता सौम्य राहिली असती. या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत.

दुसरे कारण वेळेचे आहे. जानेवारीनंतरही पाणी देऊन फरदड (त्याच झाडांचे लांबवलेले पीक) घेतली, की अळीला अन्न मिळत राहते. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतल्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांतल्या) बोंडांत ती सुप्तावस्थेत दडते. उन्हाळा सरताना पतंग बाहेर पडतात; त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. कपाशी जूनमध्ये पेरली तर तेव्हा झाडाला पातेच (फुलाची कळी) नसते आणि ही पिढी वाया जाते. खानदेशात मात्र विहीर व ठिबकच्या भरवशावर मे महिन्यात लागवड होते, पाते वेळेवर हजर असते आणि जुलैतच डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) दिसू लागतात. फवारणीपेक्षा पेरणीची तारीख येथे अधिक परिणामकारक आहे.

केळीचे बाग : रावेर-यावल पट्ट्यात ऊतिसंवर्धित रोपांमुळे मैलोगणती जवळपास एकाच जनुकीय घडणीची केळी उभी असते. अशा एकसुरी लागवडीत रोग झपाट्याने पसरतो. शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो विषाणुजन्य रोग मावा किडीमार्फत काकडी-भोपळ्याच्या वेलांवरून केळीवर येतो. म्हणून केळीत वेलवर्गीय आंतरपीक घेऊ नये.

अनुक्रमण : उजाड जागी वनस्पतींचे समुदाय क्रमाने बदलत जाण्याला अनुक्रमण म्हणतात. माती शिल्लक असेल तर ते दुय्यम आणि बरेच वेगवान असते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने 1990 च्या दशकापासून चराई व वृक्षतोड बंद केली, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि उतारावर समतल चर खोदले. तोडलेल्या झाडांची मुळे जमिनीत जिवंत होती. लागवडीपेक्षा या खुंटांच्या फुटव्यांनीच रान अधिक भरले. चारशेहून अधिक हेक्टर वन उभे राहिले आणि विहिरींना पाणी टिकू लागले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.