सेनापतीपुढे मांडलेला डाव

आजचा धागा एका प्रात्यक्षिकाविषयी आहे. युरोप-अमेरिकेतल्या खेळांच्या दुकानांत सुटीच्या दिवशी एक टेबल मांडलेले दिसते. त्यावर लुटुपुटूच्या टेकड्या, पडक्या भिंती, दोन बाजूंना बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, शेजारी फासे आणि मोजपट्टी. दुकानातला कोणी जाणकार, आत डोकावलेल्या अनोळखी माणसाला थोडक्या वेळात हा युद्धखेळ शिकवतो. याला ‘डेमो’ म्हणतात. या प्रथेचा एक पूर्वज दोनशे वर्षांपूर्वीच्या बर्लिनमध्ये सापडतो. आणि तिथले गिऱ्हाईक होते प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख.

थोडे मागे जाऊ. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे पटावर मांडणारे चतुरंग आपल्याकडून इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेले, हे सर्वश्रुत आहे. १७८० मध्ये ब्राउन्श्वाइग येथील हेल्विग या गणिताच्या शिक्षकाने त्याच पटाला फुगवून दीड हजारांहून अधिक घरांचा युद्धखेळ रचला. घरांच्या रंगांवरून डोंगर, दलदल, पाणी ओळखायचे. खेळ कल्पक होता, पण मुळात बुद्धिबळच. नदी चौकोनी घरांतून काटकोनात वळत नाही आणि पलटण घरे मोजत चालत नाही, ही अडचण त्यात उरलीच.

ती अडचण पहिल्यांदा नीट ओळखली ब्रेस्लाऊच्या एका मुलकी अधिकाऱ्याने. बारोन फॉन राइसविट्झ हे त्याचे नाव. काळ मोठा नाजूक होता. १८०६ मध्ये येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या गर्विष्ठ सैन्याची दाणादाण उडवली होती आणि ‘आपले कुठे चुकले?’ हा प्रश्न त्या राज्यात सर्वांनाच छळत होता. राइसविट्झने घरे काढून टाकली आणि ओल्या वाळूत भूप्रदेश उठवून त्यावर अंतरे मापाने मोजायला सुरुवात केली. १८११ मध्ये हा खेळ राजपुत्रांच्या पाहण्यात आला, आणि त्यांच्यामार्फत राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यालाही तो पाहावासा वाटला. राजापुढे वाळू कशी न्यायची? या संकोचापायी राइसविट्झने एक भलेथोरले टेबल घडवले. त्याला खण, खणांत ठोकळे, आणि हव्या त्या रीतीने जुळवता येणाऱ्या, नद्या-रस्ते-गावे कोरलेल्या रंगीत चौकटी. १८१२ मध्ये ते राजवाड्यात पोहोचले. शार्लोटेनबुर्गमध्ये ते जपले गेले आहे. वस्तू देखणी होती, पण असे टेबल प्रत्येक छावणीत कोण ठेवणार? खेळ राजघराण्याच्या दिवाणखान्यातच राहिला.

पुढचे पाऊल मुलाने टाकले. धाकटा राइसविट्झ तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने वडिलांचे टेबल बाजूला सारले आणि त्याऐवजी नकाशा घेतला. प्रमाण १:८०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ऐंशी मीटर. त्यावर पलटणींच्या मापाचे लाल आणि निळे धातूचे ठोकळे. प्रत्येक खेळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे; त्या दोन मिनिटांत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, हे ठरलेले. गोळीबाराचा परिणाम फाशांवर. हे दान नुसत्या नशिबाचे नव्हते. कोणत्या अंतरावरून, कोणत्या स्थितीत मारा केला यानुसार फासा बदले, आणि बंदुकी-तोफांच्या प्रत्यक्ष चाचण्यांत मिळालेल्या आकड्यांशी त्याचा मेळ घातलेला असे.

माझ्या मते त्याची खरी प्रतिभा मात्र आणखी एका गोष्टीत आहे. त्याने दोन खेळाडूंच्या मध्ये तिसरा माणूस बसवला: पंच. दोन्ही सेनापतींनी आपले हुकूम पंचाला लिहून द्यायचे. शत्रूचे जेवढे सैन्य खरोखर दिसण्यासारखे असेल तेवढेच पंच नकाशावर मांडणार. टेकडीआड कोण आहे ते कळत नाही, धाडलेला हुकूम वेळेवर पोहोचेलच असे नाही. बुद्धिबळात दोघांनाही सारा पट दिसतो. इथे दोघेही अर्धवट आंधळे. युद्ध ज्यांनी पाहिले होते त्यांना हे आंधळेपण ओळखीचे होते.

आता ते प्रात्यक्षिक. १८२४ मध्ये राजपुत्र विल्हेल्मने (हाच पुढे जर्मनीचा सम्राट झाला) हा नवा खेळ पाहिला आणि जनरल फॉन म्युफ्लिंग यांच्याकडे शिफारस केली. म्युफ्लिंग साधी असामी नव्हती. वॉटर्लूच्या मोहिमेत वेलिंग्टनच्या गोटात प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून वावरलेला हा माणूस. राजपुत्राचा शब्द मोडता येत नाही म्हणून त्यांनी बोलावले. उत्साह मात्र काही नव्हता. त्या संध्याकाळची हकिकत राइसविट्झच्या मंडळातल्या डानहाउअर या अधिकाऱ्याने तब्बल पन्नास वर्षांनी, १८७४ मध्ये लिहिली. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत रंग थोडा चढलेला असणार हे धरून चालावे, तरी कथेचा गाभा पटण्यासारखा आहे.

जनरल स्टाफचे अधिकारी जमलेले. स्वागत थंड. राइसविट्झने नकाशा पसरला, तेव्हा म्युफ्लिंगना पहिला धक्का बसला, कारण त्यांना घरांचा पट अपेक्षित होता. मग एक युद्धप्रसंग ठरला, जमलेल्या अधिकाऱ्यांतूनच दोन बाजूंचे सेनापती नेमले गेले आणि डाव सुरू झाला. खेळ रंगू लागला तसा वृद्ध सेनानी खुलत गेला, आणि अखेरीस हा कसला खेळ, हे तर युद्धाचे खरे शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. लगेचच सेनेच्या साप्ताहिकात त्याने जाहीर शिफारस छापली आणि खेळाचे संच पलटणींकडे पाठवण्याची राजाज्ञा निघाली.

हे का साधले, याचा विचार करण्याजोगा आहे. राइसविट्झकडे नियमांचे अख्खे पुस्तक होते. ते त्याच वर्षी प्रसिद्धही झाले. ते वाचून दाखवले असते तर जनरलसाहेब पहिल्याच अर्ध्या तासात उठले असते. पण त्याच्या रचनेत नियमांचा सारा भार एकट्या पंचावर होता. समोरच्या अधिकाऱ्यांना एकही नियम ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांनी एरवी देतात तसेच हुकूम द्यायचे, आणि मोजमाप, फासे, हिशेब पंचाने पाहायचे. पाहुण्याला आपली विद्या वापरता आली, नवी शिकावी लागली नाही.

राइसविट्झला स्वतःला या यशाचा लाभ झाला नाही. खेळाचे कौतुक झाले तसे मत्सर करणारेही निपजले. कॅप्टनची बढती देऊन त्याला बर्लिनबाहेर, टोर्गाऊला धाडण्यात आले. त्याच्या मित्रांच्या लेखी ती बढती नव्हती, हद्दपारीच होती. १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

खेळ मात्र टिकला. अधिकाऱ्यांची मंडळे तो खेळत राहिली. थोरल्या मोल्टकेचा त्याला पाठिंबा होता. १८६६ मध्ये ऑस्ट्रिया आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्स प्रशियापुढे कोसळले, तेव्हा इतर देशांना एकाएकी या नकाशांचे आणि ठोकळ्यांचे कुतूहल वाटू लागले. नियमांचे जंजाळ एव्हाना असह्य झाले होते. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा याने फासे आणि तक्ते जवळजवळ टाकून देऊन सारा निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. वेग वाढला, पण पंच चुकला तर दाद मागायची कोणाकडे? हा वाद युद्धखेळांत अजून मिटलेला नाही.

दिवाणखान्यातल्या खेळाला छापील नियम देणाऱ्यांत ठळक नाव एच. जी. वेल्सचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांप्रमाणे इंग्रज मुलांकडेही ब्रिटन्स कंपनीचे शिशाचे सैनिक होते. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ या १९१३ च्या पुस्तकात त्यांच्यासाठी नियम लिहिले. फासे नाहीत, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची, पडला तो मेला. इंग्रजी सैन्यातला पंचांचा खेळ त्याला कंटाळवाणा वाटे. आणि गंमत अशी, की युद्ध किती मूर्खपणाचे असते हे या खेळातून कळावे, अशी त्याची इच्छा होती. वर्षभरात महायुद्ध सुरू झाले.

दुकानातले टेबल यानंतर बऱ्याच काळाने आले. १९७५ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉपने १९७८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात आपले पहिले दुकान उघडले आणि १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ बाजारात आणला. इथे सैनिक विकत घ्यायचे, स्वतः रंगवायचे आणि मग लढवायचे. पंच या खेळात सहसा नसतो. दोन्ही खेळाडू नियम जाणतात असे गृहीत असते. त्यामुळे पाहुणा पहिल्यांदा टेबलाशी येतो तेव्हा पंचाची जागा दुकानातल्या जाणकाराला घ्यावी लागते. चांगला जाणकार जाडजूड नियमपुस्तक मिटलेले ठेवतो, सैन्यातले मोजके शिपाईच मांडतो, पाहुण्याला ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारतो, आणि उत्तर मिळाले की मोजपट्टी स्वतः धरून फासे त्याच्या हातात देतो.