धुराची घंटा कोठे टांगावी?

चूल पेटवली की धूर कोठे जातो, हे खेड्यातल्या एखाद्या आजीबाईंना विचारून पाहा. त्या काही न बोलता बोट वर करतील. चुलीवरच्या वाशांना धरलेली काजळी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेली असते. बियाण्याची मक्याची कणसे चुलीच्या वर टांगत, तीही किडीला धूर मानवत नाही म्हणून. घरातील धुराची वाट आपल्या माणसांना ठाऊक होतीच. आज सांगायचे आहे ते याच वाटेविषयी. फरक इतकाच, की ही हकीकत परदेशात घडली आणि तेथे त्या वाटेवर कणीस नव्हे, एक घंटा टांगायची होती.

स्मोक अलार्म या नावाची, बशीएवढी एक डबी असते. धूर लागला की ती कर्कश ओरडते. कोणी म्हणेल, धुराचा वास माणसाला कळत नाही काय? जागेपणी कळतो. झोपेत मात्र नाक माणसाला उठवीत नाही, कान उठवतात. आणि घरातल्या आगीत बहुतेक माणसे ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला तर वासच नसतो. निजलेला माणूस निजल्या जागीच बेशुद्ध होतो. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके गेली, त्यांतील बहुतेक गुदमरून गेली. हे मी सांगितले ते अशासाठी, की पुढची हकीकत आपल्याला परक्याच्या घरची वाटू नये.

प्रथम लोकांनी उष्णतेवर भिस्त ठेवली. अमेरिकेत एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी १८९० मध्ये विजेच्या अग्निसूचक घंटेचे पेटंट घेतले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे जॉर्ज डार्बी यांनी १९०२ मध्ये उष्णतेने वाजणारे यंत्र काढले. पण उष्णता उशिरा येते. गादीत पडलेली ठिणगी दोन दोन तास धुमसते. तेवढ्यात खोली धुराने भरते आणि छत मात्र अजून गारच असते.

धूर ओळखणारे यंत्र निघाले ते चुकून. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडचे वाल्टर येगर हे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण करीत होते. वायू सोडला तरी काटा हलेना. वैतागून त्यांनी सिगारेट शिलगावली, आणि काटा हलला! हवेतील विद्युत्भारित कणांना धुराचे कण चिकटले होते आणि प्रवाह मंदावला होता. येगरांच्या देशबांधवाने, एर्न्स्ट मायली यांनी, पुढे त्यातून वापरता येईल असे यंत्र घडवले. दुसरा प्रकार तर शाळेतल्या मुलालाही समजावा. कौलाच्या फटीतून कवडसा येतो, त्यात एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते. तसाच या डबीत एक प्रकाशकिरण असतो, धूर शिरला की तो विखुरतो आणि घंटा वाजते. शिक्षकांनी हा प्रयोग अंधारलेल्या वर्गात विजेरी आणि उदबत्ती घेऊन जरूर दाखवावा.

तरीही ही यंत्रे महागडी राहिली आणि कारखान्यांतच अडकली. १९६५ मध्ये डेन्व्हरचे ड्वेन पिअर्सॉल यांनी बॅटरीवर चालणारे, घरात परवडेल असे यंत्र तयार केले. १९७५ च्या सुमारास ते कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागले. तत्पूर्वी कॅनडात एक हिशेब मांडून झाला होता. १९५६ ते १९६० या काळात ऑन्टॅरिओ प्रांतात घरांच्या आगींत झालेले ३४२ मृत्यू दोघा संशोधकांनी एकेक करून तपासले. त्यांचा अंदाज असा निघाला, की घरात धूर ओळखणारे यंत्र असते तर शंभरांतील सुमारे ४१ जीव वाचले असते. उष्णता ओळखणारे असते तर अवघे ८. हे १९६२ साली छापून आले. इतिहास शिकवताना मी हा आकडा मुलांना मुद्दाम सांगतो. कारण एवढा स्पष्ट कौल मिळूनही घरोघर यंत्र पोचायला आणखी दीड दशक गेले.

आता खरा प्रश्न उभा राहिला: ही डबी टांगायची कोठे? प्रत्येक खोलीत एक लावावी, तर खर्च झेपत नाही. एकच लावावी, तर ती कोठे? तज्ज्ञ मंडळी टेबलाभोवती बसून वाद घालीत होती. वाद मिटला तो घरे जाळून.

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठी इंडियाना राज्यात वाळूच्या टेकड्या आहेत. १९६६ मध्ये तेथे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र करायचे ठरले आणि त्या हद्दीतील राहती घरे सरकारने विकत घेतली. ती पाडायचीच होती. १९७४ पासून संशोधकांनी त्यांतील काही घरे प्रयोगासाठी मागून घेतली. माणसे राहतात तशाच खाटा, गाद्या, कोच त्यांनी आत मांडले. भिंतींवर आणि छतांवर बाजारात मिळणारी यंत्रे जागोजाग लावली. उष्णता, धूर, विषारी वायू मोजण्याची उपकरणे ठेवली, आणि मग आगी लावल्या. कधी गादी धुमसत ठेवली, कधी कोच पेटवला, कधी कढईतले तेल भडकू दिले. अशा सत्तरांहून अधिक आगी त्यांनी लावल्या आणि दर वेळी एकच गोष्ट पाहिली: घंटा वाजली तेव्हा जिना आणि दरवाजा यांची वाट मोकळी होती, की धुराने बंद झाली होती?

उत्तर आजीबाईंच्या बोटाकडेच गेले. धूर वर चढतो, जिन्याची विहीर धुराड्यासारखी त्याला ओढून घेते आणि वरच्या मजल्यावर तो निजलेल्यांना गाठतो. म्हणून नियम ठरला, की झोपायच्या खोल्यांबाहेर एक आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर एक. उष्णतेची यंत्रे बहुधा फार उशिरा जागी झाली. बंद दाराचाही गुण आणि दोष कळला: दार धुराला बाहेर अडवते, पण आत आग लागली तर बाहेरच्या घंटेला बातमी उशिरा जाते. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील अग्निसंकेताने नव्या घरांसाठी प्रत्येक निजायच्या खोलीतही यंत्र सांगितले.

हाच प्रयोग तेथील शास्त्रज्ञांनी नव्याने केला, त्याचा अहवाल २००४ साली निघाला. तो वाचून मी चरकलो. भडकत्या आगीत जुन्या प्रयोगात बाहेर पडायला सरासरी १७ मिनिटे मिळत होती. नव्यात ३ मिनिटे! कापसाची गादी गेली, फोमची आली. फोम रॉकेलासारखा पेटतो. आपल्याही घरांतून कापसाच्या गाद्या झपाट्याने गेल्या आहेत, हे वेगळे सांगायला नको.

जागेचे काही बारकावे सांगतो. यंत्र छताला लावावे. भिंतीला लावले तर छतापासून फुटाच्या आत असावे. अगदी कोपऱ्यात नको, तेथे हवा कोंडलेली राहते. पंख्याच्या झोतात किंवा खिडकीशी नको. पत्र्याचे घर असेल तर मात्र थोडे थांबा: दुपारी तापलेल्या पत्र्याखाली ऊन हवेचा थर साचतो आणि धुमसत्या आगीचा गार धूर त्याच्या खालीच अडतो. तेथे यंत्र पत्र्याला न लावता आतल्या भिंतीवर लावणे बरे.

आणि स्वयंपाकघर. चुलीपासून, शेगडीपासून दहा फूट तरी दूर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शहरात घर घेतले आणि हौसेने असले यंत्र बरोबर शेगडीच्या वर लावले. पहिल्याच सकाळी मिरचीची फोडणी बसली आणि सगळी इमारत गोळा झाली. आठवड्यात चार वेळा असे झाल्यावर त्याने बॅटरीच काढून ठेवली. यंत्र भिंतीवर, बॅटरी खणात! परदेशातही आगीनंतर अशीच बिनबॅटरीची यंत्रे पुष्कळ सापडतात. मी त्याला ते झोपायच्या खोल्यांबाहेरच्या बोळात हलवायला सांगितले आणि दुसरे मुलांच्या खोलीत लावायला लावले. फोडणी आता निर्विघ्न होते. महिन्यातून एकदा त्याची मुलगी स्टुलावर चढून तपासणीचे बटण दाबते, आणि खालच्या मजल्यावरचा कुत्रा पाच मिनिटे भुंकत राहतो.